पिवळ्या जर्सीचा ‘भाव’ आणि मोंढ्यातला कडता

जालना - ‘आज भाव काय निघाला?’ हा प्रश्न जालन्याच्या नव्या मोंढ्यात सकाळी विचारला जातो, तेव्हा तो सोयाबीनचा, तुरीचा किंवा मोसंबीचा असतो. रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून त्यात कोषांच्या भावाची भर पडली. रात्री मोबाईलच्या पडद्यावर विचारल्या जाणाऱ्या भावाचा अर्थ मात्र निराळा असतो. क्रिकेटचा हंगाम संपला, तरी हा दुसरा बाजार बंद होत नाही. परदेशांतून चालणाऱ्या सट्ट्याच्या संकेतस्थळांवर आयपीएलच्या खालोखाल टेनिस, फुटबॉल आणि जुलै महिन्यात फ्रान्समधील सायकल शर्यतीचेही भाव झळकतात. टूर डी फ्रान्सचा दिवसाचा टप्पा भारतीय वेळेनुसार साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतो. दुकान बंद करून, जेवण उरकून मोबाईल हाती घेण्याची नेमकी हीच वेळ!

महाराष्ट्राला ही शर्यत आता पूर्वीइतकी परकी राहिलेली नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही बहुटप्पी सायकल शर्यत झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २.२ या श्रेणीतील ही शर्यत पाच दिवस चालली. प्रारंभीची छोटी घड्याळी फेरी आणि त्यानंतरचे चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरचे अंतर होते. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे विजेता ठरला. त्यापूर्वी सायकलिंगमधील मराठी नावे ऐकू येत, ती बहुतांशी अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींमधील. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. मात्र त्या शर्यतीत घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही. बहुटप्पी शर्यतीचे गणित वेगळे असते. दावेदार ओळखायचा असेल, तर आधी ते समजून घ्यावे लागते.

टूर डी फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत २१ टप्पे होतात आणि प्रत्येक स्वाराचा सर्व टप्प्यांचा वेळ एकत्र मोजला जातो. ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि पाच टप्पे जिंकूनही यादीत शंभराच्या खाली राहता येते. सपाट रस्त्यावर अखेरच्या दोनशे मीटरमध्ये विजेसारखा झेपावणारा धिप्पाड स्वार डोंगर लागताच अर्ध्या तासाने मागे पडतो. एकूण विजेतेपदाचे खरे दावेदार म्हणजे हलक्या अंगाचे, चढावर न दमणारे आणि घड्याळी फेरीतही वेळ न गमावणारे मोजके स्वार. १८० च्या आसपास स्वारांपैकी असे स्वार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात.

उरलेले करतात काय, याचे उत्तर जालन्याच्या रस्त्यावरही सापडते. पावसाळ्याच्या तोंडाशी जालन्याहून बदनापूरकडे सायकल मारणाऱ्याला समोरून येणारा पश्चिमेचा वारा ठाऊक असतो. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून शाळेला जाणाऱ्या मुलीही वाऱ्याच्या दिवशी एकीमागे एक राहतात. पुढचीने वारा कापायचा, मागचीने दम वाचवायचा आणि थोड्या वेळाने जागा बदलायची. टूरमधील आठ जणांचा संघ हेच काम तीन आठवडे करतो. त्यात जागा मात्र बदलली जात नाही; सात जण वारा खातात आणि आठवा जपला जातो. म्हणूनच दावेदाराचे मोल ठरवताना त्याच्या पायांइतकेच त्याच्या संघाचे बळ पाहावे लागते. नुसते स्वाराचे नाव पाहून लावलेला अंदाज येथेच पहिल्यांदा चुकतो.

गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहिला, तर टूरचे भाकीत सोपे वाटावे. २०२० ते २०२५ या सहा शर्यतींमध्ये विजेते दोनच. स्लोव्हेनियाच्या तादेज पोगाचारने २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ मध्ये बाजी मारली, तर डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डने २०२२ आणि २०२३ ही वर्षे आपल्या नावावर केली. पोगाचार हरला त्या दोन्ही वर्षी दुसरा आला. विंगेगार्डने २०२३ मध्ये त्याला साडेसात मिनिटांनी मागे टाकले. पुढच्या वर्षी पोगाचारने सव्वासहा मिनिटांनी उट्टे काढले. २०२५ मध्ये हे अंतर ४ मिनिटे २४ सेकंदांचे होते. तिसऱ्या क्रमांकावरील जर्मनीचा फ्लोरियन लिपोविट्झ तब्बल ११ मिनिटे मागे राहिला. पहिल्या दोघांत आणि उरलेल्या जगात किती दरी आहे, हे या एका आकड्यावरून कळते.

२०२६ च्या टूरसाठी आखण्यात आलेला मार्गही याच प्रकारच्या स्वारांना पोषक ठरावा असा. बार्सिलोनातून ४ जुलैला सांघिक घड्याळी फेरीने आरंभ, २६ जुलैला पॅरिसमध्ये समारोप आणि अखेरच्या टप्प्यांत लागोपाठ दोन दिवस आल्प्स पर्वतातील आल्प द्युएझचे शिखर. सांघिक फेरीने आरंभ होत असल्याने दुबळ्या संघातला गुणी स्वार पहिल्याच दिवशी मागे पडण्याचा धोका. निर्णायक चढ अखेरीस ठेवल्याने आधीचे दोन आठवडे कोणी सर्वस्व पणाला लावू नये, अशी रचना. पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके पटकावणाऱ्या बेल्जियमच्या रेम्को एव्हेनपोएलला घड्याळी फेरीत तोड नाही. मात्र २०२५ मध्ये पिरेनीजच्या डोंगरात त्याने शर्यत सोडली होती. लागोपाठच्या उंच चढांवर तो टिकतो का, हा प्रश्न त्याच्या नावापुढे त्या वर्षापासून लागला. कागदावर दावेदारी मांडायची, तर क्रम पोगाचार, विंगेगार्ड, बऱ्याच अंतराने एव्हेनपोएल आणि लिपोविट्झ, असाच लागतो. हे सांगायला कोणत्याही बुकीची गरज नाही.

तथापि कागद आणि रस्ता यांत फरक आहे. मे २०२५ मध्ये झालेली इटलीची ‘जिरो’ ही शर्यत त्याचे ताजे उदाहरण. आरंभापूर्वी सर्वांच्या तोंडी दोन नावे होती, स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोगलिच आणि स्पेनचा हुआन आयुसो. रोगलिच पुन्हापुन्हा पडला आणि सोळाव्या टप्प्यात त्याने शर्यत सोडली. अठराव्या टप्प्यात आयुसोही बाहेर पडला. ज्या दोघांवर सर्वांत कमी भाव होता, त्यांच्यापैकी एकही रोमपर्यंत पोहोचला नाही. गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक डेल टोरोकडे होती. अखेरच्या निर्णायक टप्प्याच्या सकाळी इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या मागे दुसरा होता, तर इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांच्या अंतराने तिसरा.

त्या दिवशी कोले देल्ले फिनेस्त्रे हा अर्धवट कच्च्या रस्त्याचा चढ होता. २०१८ मध्ये याच चढावर येट्सची गुलाबी जर्सी हिरावली गेली होती. येट्स पुढे निघाला, तेव्हा डेल टोरो आणि कारापाझ एकमेकांकडे पाहत राहिले. पाठलागाचे कष्ट आपण घ्यायचे आणि फायदा दुसऱ्याला द्यायचा, हे दोघांनाही नको होते. दोघांच्या या आडमुठेपणात मिनिटे निसटली. चढ संपल्यावर खालच्या दरीत येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट त्याची वाट पाहत होता. संघाने त्याला सकाळीच आघाडीच्या तुकडीत पुढे पाठवून ठेवले होते. वारा कापायला तोच पुढे झाला. येट्सने शर्यत ३ मिनिटे ५६ सेकंदांनी जिंकली. डेल टोरोचे पाय थकल्यामुळे हे घडले, असे म्हणणे कठीण आहे. दोन माणसांच्या मनात काय चालले होते, त्यावर सर्व ठरले. असा हट्ट कोणत्या कोष्टकात बसवायचा?

टूरच्या इतिहासातही असे दाखले आहेत. १९८९ मध्ये पॅरिसमधील अखेरच्या घड्याळी फेरीपूर्वी फ्रान्सच्या लॉरां फिन्यॉनकडे ५० सेकंदांची आघाडी होती. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने ती पुसून ८ सेकंदांनी शर्यत जिंकली. २०२० मध्ये रोगलिचकडे एक टप्पा आधी ५७ सेकंदांची आघाडी होती. विजय निश्चित मानला जात असताना घड्याळी फेरीत २१ वर्षांच्या पोगाचारने त्याला मागे टाकले. एप्रिल २०२४ मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातील एका वळणावर विंगेगार्ड, रोगलिच आणि एव्हेनपोएल एकाच अपघातात सापडले. विंगेगार्डच्या फुप्फुसाला इजा झाली. एका वळणाने त्या वर्षीच्या जुलैचे सारे अंदाज बदलून टाकले.

मग सट्ट्याचा भाव नेमके काय सांगतो? येथे जालन्यातील वाचकाला परक्या परिभाषेची गरज नाही. मोंढ्याची भाषा पुरेशी आहे. हर्राशीत माल पुकारला जातो, पण पट्टी हातात पडते तेव्हा हमाली, तोलाई आणि कडता वजा झालेला असतो. सट्ट्याच्या भावातही असा कडता असतो. फरक एवढाच, की तो पट्टीवर लिहिलेला नसतो.

उदाहरणादाखल एक यादी धरू. पहिल्या दावेदाराला १.४० पट, दुसऱ्याला ४ पट, तिसऱ्याला १५ पट, चौथ्याला ३० पट भाव आहे. भावाचा व्यस्त काढला, की भाव लावणाऱ्याच्या मते विजयाची शक्यता किती, ते निघते. पहिल्याची सुमारे ७१ टक्के, दुसऱ्याची २५, तिसऱ्याची पावणेसात, चौथ्याची सव्वातीनच्या आसपास. उरलेल्या सर्वांची मिळून १० टक्के धरली, तर बेरीज ११६ च्या घरात जाते. शर्यत एकच, विजेता एकच. मग शक्यतांची बेरीज १०० व्हायला हवी. वरचे १६ कोठून आले? तोच कडता. सर्व नावांवर त्या त्या प्रमाणात पैसे लागले, तर गोळा झालेल्या प्रत्येक रुपयामागे सुमारे १४ पैसे भाव लावणाऱ्याकडे राहतात. शर्यत कोणीही जिंको, त्याला देणेघेणे नसते. भाव म्हणजे भाकीत, हा समज येथे गळून पडतो. पैसा कोठे वाहतो आहे आणि त्यातून आपला वाटा कसा राखायचा, याची ती मांडणी असते. एखाद्या स्वाराच्या देशबांधवांनी भावनेच्या भरात त्याच्यावर पैसा ओतला, तर त्याचा भाव उतरतो. त्याने त्याचे पाय बळकट होत नाहीत.

खात्रीच्या नावावर पैसे लावण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, म्हणून तो हिशेबही करून पाहावा. १.४० च्या भावाने हजार रुपये लावले आणि नाव लागले, तर हाती चारशे रुपये नफा येतो. चुकले तर हजार जातात. केवळ बरोबरीत राहायचे असेल, तर सात वेळांपैकी पाच वेळा जिंकावे लागते. आता पोगाचारची कारकीर्द या तराजूत टाका. २०२० ते २०२५ मध्ये तो सहा टूर खेळला आणि चार जिंकला. या पिढीतील सर्वश्रेष्ठ सायकलपटू, अपयशातही दुसऱ्या क्रमांकाखाली न उतरलेला. त्याच्यावर दरवर्षी याच भावाने हजार रुपये लावणाऱ्याने चार वर्षांत सोळाशे मिळवले असते आणि दोन वर्षांत दोन हजार गमावले असते. एकंदर तोटा चारशे रुपये. २०२० मध्ये तो नवखा होता आणि त्याचा भाव याहून कितीतरी अधिक होता, हे खरे. पण तेव्हा त्याच्यावर हजार रुपये लावण्याचे कोणाच्या मनात आले असते? नाव सर्वांच्या ओठी येते, तोवर भाव उतरलेला असतो. तुरीची तेजी वर्तमानपत्रात छापून आल्यावर तूर साठवायला निघालेल्या व्यापाऱ्याची जी गत होते, तीच येथेही.

पुण्यासारख्या शर्यतीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. २.२ ही बहुटप्पी शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय उतरंडीतील अखेरची पायरी. पहिल्यावहिल्या शर्यतीत मागील वर्षाचा दाखला नसतो, स्वारांची नावे सर्वसामान्य प्रेक्षकाला अपरिचित असतात आणि कोण आजारी आहे, कोणाला संघाने राखून ठेवले आहे, याची माहिती आतल्या माणसांपुरती राहते. खेळाचा आनंद घेण्यास यामुळे काही बाधा येत नाही. उलट नवा विजेता पाहण्याची गंमत वाढते. पैसा लावणारा मात्र पूर्ण अंधारात असतो. टेनिसमधील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये हेच दाखवून दिले होते. सट्ट्याची कीड मोठ्या स्पर्धांपेक्षा अल्प मानधनाच्या खालच्या स्पर्धांना अधिक लागते. हा आरोप पुण्याच्या शर्यतीवर नाही. प्रश्न श्रेणीचा आहे.

याची परिसीमा गुजरातमध्ये पाहायला मिळाली. जुलै २०२२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील मोलीपूर या गावी पोलिसांनी एक बनावट क्रिकेट लीग उघडकीस आणली. शेतातच मैदान आखले होते, दिवे लावले होते, सामने यूट्यूबवर दाखवले जात होते. खेळाडू म्हणून उतरवलेले शेतमजूर आणि बेरोजगार तरुण सामन्याला चारशे रुपये घेत. चौकार कधी मारायचा आणि बाद कधी व्हायचे, हे पंचांकरवी ठरत होते आणि पैसे लावणारे रशियात बसले होते. आपण आयपीएलवर पैसे लावत आहोत, अशी त्यांची समजूत! पडद्याच्या या टोकाला कोण असतो, हे त्या टोकाला कळत नाही. जालन्यात बसून फ्रान्समधील शर्यतीवर पैसे लावणारा आणि रशियात बसून मोलीपूरच्या शेतावर पैसे लावणारा, यांच्या स्थितीत फार अंतर नाही. फ्रान्समधील शर्यत खरी असते, एवढेच. भाव दाखवणारे संकेतस्थळ खरे असेलच, याची हमी कोणी द्यायची?

कायद्याची बाजू बरीच स्पष्ट आहे. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. घोड्यांच्या शर्यतीला परवानाधारक रेसकोर्सपुरती मुभा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले. सायकल शर्यतीत कौशल्य घोड्यापेक्षा कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण ती मुभा सायकलला नाही. विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात संपूर्ण बंदी शक्य नसेल, तर नियमन करावे, असा मार्ग सुचवला होता. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये विरुद्ध दिशा धरली. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. या अधिनियमात खेळणाऱ्याला शिक्षा नाही; त्याला पीडित मानण्याची भूमिका त्यामागे आहे.

मात्र बंदी घातली म्हणून बाजार उठतोच असे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘महादेव’सह २२ अॅप आणि संकेतस्थळे बंद केली होती. अशी संकेतस्थळे नाव बदलून परत येतात. व्यवहार ‘आयडी’वर चालतो. ओळखीचा कोणीतरी आयडी देतो, पैसे कोणा तिसऱ्याच्याच खात्यावर जमा करायला सांगतो आणि हिशेब व्हॉट्सअॅपवर होतो. ज्याच्या खात्यावर पैसे फिरतात, तो अनेकदा थोड्या कमिशनसाठी खाते वापरायला दिलेला विद्यार्थी किंवा मजूर असतो. चौकशी सुरू झाली, की पहिले खाते गोठते ते त्याचेच. सोयाबीनची पट्टी, पीकविम्याची रक्कम, अनुदान ज्या घरात एकाच बँक खात्यावर जमा होते, तेथे खाते गोठणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

जिंकणाऱ्याची स्थितीही फारशी निराळी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दिवाणी दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असलेले करारही निरर्थक ठरवले होते. म्हणजे नाव बरोबर लागले आणि आयडी देणाऱ्याने रक्कम बुडवली, तर न्यायालयाचे दार बंद आणि पोलिसांत जायचे, तर आपलाच सट्टा आधी कबूल करायचा. मोंढ्यात व्यापाऱ्याने पट्टी थकवली, तर बाजार समितीकडे अर्ज करता येतो, परवाना अडवता येतो. पडद्यावरच्या या बाजाराला ना समिती, ना परवाना. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो फसवणुकीसाठी आहे. हरलेल्या पैजेसाठी नाही.